सभागृहं आधी, पक्ष नंतर

म्हैसूर संस्थानाचा विषय निघाला की मराठी माणूस आधी विश्वेश्वरय्यांचं नाव घेतो. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला, मुंबई इलाख्यात नोकरी केलेला, खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवलेला हा गृहस्थ आपल्याला निम्मा आपलाच वाटतो. मग ओघानं कृष्णराजसागर येतो, भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना येतो, चंदनाचा साबण येतो, 1905 मध्येच विजेचे दिवे लागलेलं बंगळूर येतं आणि शेवटी ‘आदर्श संस्थान’ हे प्रशस्तिपत्र येतं. ते खोटं नाही. फक्त या आदर्श संस्थानात लोकांच्या हातात नेमकं काय होतं, हे विचारायचं राहून जातं. पहिलं महायुद्ध संपल्यापासून दुसरं सुरू होईपर्यंतच्या वीस वर्षांत बंगळूर-म्हैसुरात सगळा झगडा याच प्रश्नावर झाला, आणि तो आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही.

सुरुवात मात्र थोडी मागून करायला हवी. पन्नास वर्षं स्वतः कारभार हाकल्यावर इंग्रजांनी 1881 मध्ये संस्थान वोडेयर घराण्याला परत दिलं. त्याच वर्षी दसऱ्याला दिवाण रंगाचार्लूंनी म्हैसुरात प्रजाप्रतिनिधी सभा भरवली. 144 प्रतिनिधी जमले. मुंबईत राष्ट्रीय सभेचं पहिलं अधिवेशन भरायला अजून चार वर्षं होती. 1891 पासून प्रतिनिधी निवडून येऊ लागले. 1907 मध्ये कायदे करण्यासाठी विधान परिषद निघाली, 1917 पासून सभेचं आणखी एक अधिवेशन भरू लागलं. म्हणजे महायुद्ध संपलं तेव्हा म्हैसुराकडे दोन सभागृहं होती आणि त्यांतल्या एकाला जवळजवळ चाळीस वर्षांची परंपरा होती. तेव्हाच्या हिंदुस्थानात ही श्रीमंतीच म्हणायची.

पण सभागृहात काय चालायचं ते जवळून पाहिलं की या श्रीमंतीचा रंग उतरतो. दिवाणसाहेब वर्षाचा अहवाल वाचून दाखवत. पाऊस किती पडला, तलाव किती दुरुस्त झाले, तिजोरीत किती शिल्लक आहे. मग जिल्ह्याजिल्ह्याचे प्रतिनिधी उठून गाऱ्हाणी मांडत. आमच्या गावचा रस्ता, आमच्याकडचा सारा, आमच्या तालुक्यात शाळा नाही. दिवाण उत्तर देत, काही मान्य करत, काही ‘विचार करू’ म्हणत. मग मंडळी राजवाड्याची रोषणाई आणि जंबूसवारी पाहून आपापल्या गावी परतत. सरकार पाडणं दूरच, सरकारला अडवण्याचीही सोय त्यात नव्हती. माणसं स्वतःच्या नावावर, जमिनीवर आणि जातीतल्या वजनावर निवडून येत. पक्ष असा प्रकार नव्हता, कारण पक्षानं करण्यासारखं तिथे काही नव्हतं.

याच्या अगदी उलट चित्र त्याच वीस वर्षांत युरोपात दिसतं. ऑस्ट्रियाचं साम्राज्य मोडल्यावर स्लोव्हेन लोक 1918 च्या डिसेंबरात सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांच्या नव्या राज्यात आले. 1921 च्या घटनेनं सगळी सत्ता बेलग्रेडकडे नेली. स्लोव्हेनांकडे स्वतःचं सभागृह नव्हतं; होता तो एक बांधीव पक्ष. अँतोन कोरोशेत्स या कॅथलिक धर्मगुरूची स्लोव्हेन लोकपार्टी. तिच्यामागे गावोगावची चर्च होती, सहकारी पतपेढ्या होत्या, वर्तमानपत्रं होती. स्वायत्तता द्या, हा तिचा धोशा. 1927 मध्ये ल्युब्लियाना आणि मारिबोर या दोन प्रांतांना निवडून आलेल्या सभा मिळाल्या, दोन्हीकडे लोकपार्टीचंच बहुमत आलं, आणि रस्ते, दवाखाने, शाळा असा कारभार सुरू झाला. तो दोन वर्षंही टिकला नाही. 6 जानेवारी 1929 ला राजा अलेक्झांडरनं घटनाच गुंडाळली. त्या दिवसापर्यंत पंतप्रधान कोण होते? कोरोशेत्सच. पुढे त्याच वर्षी जवळपास सगळ्या स्लोव्हेनांचा मिळून एक द्रावा प्रांत झाला, पण त्यावर नेमलेला अधिकारी बसला.

तिकडे पक्ष होता आणि सभागृहासाठी भांडण चाललं होतं. म्हैसुरात सभागृहं होती आणि पक्ष जन्माला यायचा होता. तो आला 1917 मध्ये, आणि आला तो स्वराज्यासाठी नव्हे, नोकऱ्यांसाठी. हे मी हिणवण्यासाठी म्हणत नाही. नोकरी हीच त्या काळी सत्तेत शिरण्याची एकमेव वाट होती. मंत्री व्हायची सोय नव्हती, पण अमलदार होता येत होतं, आणि संस्थानात खरा राज्यकर्ता अमलदारच होता. बंगळूरच्या कब्बन पार्काच्या कडेला उभ्या असलेल्या लाल अठरा कचेरीत, म्हणजे आजच्या हायकोर्टात, कोण बसतं यावर सगळं ठरायचं.

तिथे बसणारे कोण होते, तर ब्राह्मण. लोकसंख्येत चारएक टक्के आणि वरच्या जागांत निम्म्याहून कितीतरी जास्त. आधी भांडण ब्राह्मणांचं आपसातच होतं. मद्रासेकडून आलेले आणि म्हैसूरचे, अशा दोन फळ्या होत्या. या मद्रासकडच्यांत आपली तंजावरची मराठी मंडळीही आली. 1906 ते 1909 दिवाण असलेले व्ही. पी. माधवराव तंजावरी देशस्थ. त्यांच्यानंतरचे टी. आनंदराव हे तर बडोद्यात सयाजीरावांच्या लहानपणी कारभार सांभाळणाऱ्या सर टी. माधवरावांचे चिरंजीव. बंगळूरच्या बसमधून रोज हजारो लोक आनंदराव सर्कलला उतरतात, त्यांतल्या मराठी माणसालाही हे घराणं आपल्या भाषेतलं असल्याचा पत्ता नसतो. व्ही. पी. माधवरावांच्याच कारकिर्दीत विधान परिषद आली आणि 1908 चा वर्तमानपत्रांच्या मुसक्या आवळणारा कायदाही आला. हेच गृहस्थ पुढे 1919 मध्ये काँग्रेसच्या शिष्टमंडळातून सुधारणा मागायला विलायतेला गेले. दिवाणगिरी सुटल्यावर माणसं मोकळं बोलू लागतात, याचा हा जुना दाखला.

1917 मध्ये वक्कलिग, लिंगायत, मुसलमान पुढाऱ्यांनी मिळून प्रजामित्र मंडळी स्थापन केली. शेजारच्या मद्रासेत ब्राह्मणेतरांच्या जस्टिस पक्षाची हवा होती, कोल्हापुरात शाहू महाराजांच्या 1902 च्या पन्नास टक्क्यांच्या हुकमाला पंधरा वर्षं झाली होती. मंडळीला डोकं पुरवलं कट्टमंची रामलिंग रेड्डी यांनी. केंब्रिजहून शिकून आलेले हे तेलुगू विद्वान म्हैसूरच्या शिक्षणखात्यात होते. मंडळीचं शिष्टमंडळ महाराजांना भेटलं आणि 1918 मध्ये सरन्यायाधीश सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. कृष्णराज वोडेयर यांनी ती नेमली खरी, पण त्यांचे दिवाण विश्वेश्वरय्या या कल्पनेच्या विरुद्ध होते. गुणवत्ता हाच निकष, हे त्यांचं म्हणणं. शिक्षण वाढवा म्हणजे सगळे आपोआप वर येतील. त्याच वर्षाअखेर त्यांनी दिवाणपद सोडलं. धरणाच्या हिशेबात अचूक असलेला हा माणूस समाजाच्या हिशेबात मात्र चुकला, असं माझं मत आहे. शाळा वाढवायच्या आणि शाळेतून बाहेर पडणाऱ्यांना दार बंद ठेवायचं, हे फार दिवस चालणारं नव्हतं.

मिलर समितीनं सांगितलं, सात वर्षांच्या आत वरच्या जागांपैकी निम्म्या आणि खालच्या जागांपैकी दोन तृतीयांश जागा मागास वर्गांना द्या. मागास म्हणजे ब्राह्मण, युरोपियन आणि अँग्लो-इंडियन सोडून सगळे. 1921 मध्ये सरकारनं हे मानलं. तेव्हा दिवाण होते महाराजांचे मामा कांतराज अरस. व्याख्या इतकी रुंद असल्यावर लाभ कुणाच्या पदरात पडणार हे उघड होतं. ज्यांची पोरं आधीच हायस्कुलात होती अशा वक्कलिग आणि लिंगायत घरांना तो आधी मिळाला. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या वाट्याला उरलंसुरलं. पण एक गोष्ट झाली. बंगळूरच्या वसतिगृहांतून खेड्यातली पोरं शिकू लागली, वकील होऊ लागली. हीच पोरं पुढे 1938 मध्ये झेंडा घेऊन उभी राहणार होती.

1923 मध्ये सुधारणांचा मोठा हप्ता आला. म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू, बंगाली तत्त्वज्ञ ब्रजेंद्रनाथ सील यांच्या समितीनं तो आखला. प्रजाप्रतिनिधी सभेला कायद्याचा आधार मिळाला, सभासद अडीचशे झाले, मताधिकाराची अट सैल झाली, बायकांना मत मिळालं. नवा कर बसवायचा तर सभेला विचारायचं, नव्या कायद्याचं तत्त्वही आधी सभेपुढे मांडायचं. विधान परिषदेत पन्नास जण, त्यांतले निवडून आलेले निम्म्याहून कमी. तिला अंदाजपत्रकातल्या मागण्यांवर मत देता येऊ लागलं, पण तिनं नाकारलेली रक्कम सरकार परत घालू शकत होतं. सील हे मोठे पंडित, आणि त्यांना पाश्चात्त्य धर्तीची पक्षबाजी हिंदुस्थानाला साजेशी वाटत नव्हती. वेगवेगळ्या हितसंबंधांनी एकत्र बसून राजाला सल्ला द्यावा आणि राजानं तो मानावा, असा काहीसा त्यांचा आराखडा. राजा सज्जन असला की असे आराखडे फार सुंदर दिसतात.

आणि राजा सज्जन होताच. गांधीजी 1927 मध्ये प्रकृती सुधारायला नंदी टेकडीवर आणि मग बंगळुरात राहिले, तेव्हा त्यांनी म्हैसूरच्या कारभाराची तोंड भरून तारीफ केली. 1926 पासून दिवाण असलेले मिर्झा इस्माईल हे महाराजांचे बालपणापासूनचे सोबती. शहर नीटनेटकं करण्याचा त्यांना छंद होता. बंगळूरच्या रस्त्यांवरची झाडं, बागा, चौक यांवर त्यांचा हात फिरलेला आहे. ग्रामपंचायतींचा आणि जिल्हा बोर्डांचा 1926 चा कायदाही अमलात आला. पण पंचायतींकडे पैसा येई तो चिमूटभर, आणि कारभारावर अमलदाराची नजर कायम. खाली पंचायत, वर सभा, त्याहून वर परिषद, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर एकच दिवाण, जो फक्त महाराजांना बांधील. महाराजांवरही इंग्रजांचा रेसिडेंट होताच, आणि वर्षाला पस्तीस लाखांची खंडणीही, जी 1928 च्या सुमारास साडेदहा लाखांनी उतरली.

बंगळुराचं तर आणखी निराळं. शहरं दोन होती. पेटेकडचं म्हैसूरचं बंगळूर आणि कब्बन पार्कापलीकडचा कॅन्टोन्मेंट, जो 1881 मध्ये संस्थान परत देताना इंग्रजांनी आपल्याकडे ठेवला. तिथे रेसिडेंटचा अंमल, वेगळी नगरपालिका, तमिळ आणि उर्दू बोलणारी वस्ती. पार्काच्या एका बाजूचा माणूस प्रजाप्रतिनिधी सभेला मत देऊ शकत होता, दुसऱ्या बाजूच्याला संस्थानच्या राजकारणात जागा नव्हती. हा भाग 1947 च्या जुलैत म्हैसुराला परत मिळाला आणि दोन नगरपालिकांची मिळून एक कॉर्पोरेशन व्हायला 1949 साल उजाडलं.

शांत वाटणारं हे सगळं 1928 मध्ये हादरलं. सुलतानपेठेतल्या एका सरकारी शाळेच्या आवारातल्या गणपतीवरून वाद पेटला. विद्यार्थी रस्त्यावर आले, धरपकड झाली, दंगल झाली. गणपती आणि राजकारण हे समीकरण मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. वरवर हा हिंदू-मुसलमान वाद होता. आतून पाहिलं तर मुसलमान दिवाण आणि त्याच्याशी जुळवून घेणारे काही ब्राह्मणेतर पुढारी एका बाजूला, आणि मिलरच्या निर्णयानं दुखावलेले, काँग्रेसकडे झुकलेले शहरी ब्राह्मण आणि त्यांची वर्तमानपत्रं दुसऱ्या बाजूला, अशी ती मांडणी होती. सरकारनं चौकशीसाठी समिती नेमली आणि अध्यक्ष केलं विश्वेश्वरय्यांना. त्यांच्या समितीनं असंतोषाचं मूळ शोधता शोधता लोकांना जबाबदार असलेल्या राज्यकारभाराकडे बोट दाखवलं. दहा वर्षांपूर्वी गुणवत्तेचा आग्रह धरणारे विश्वेश्वरय्या इथवर आले होते. सरकार मात्र आलं नाही. आहे ते उत्तम चाललंय, हेच मिर्झासाहेबांचं उत्तर. आणि ते उत्तम चाललं होतं हीच खरी अडचण होती.

यानंतर पक्षांची घुसळण सुरू झाली. प्रजामित्र मंडळी विस्कटली होती. 1930 मध्ये प्रजापक्ष निघाला, 1934 मध्ये दोन्ही मिळून प्रजासंयुक्त पक्ष झाला. के. सी. रेड्डी, एच. सी. दासप्पा ही नवी नावं पुढे आली. हे शिकलेले, वकिली करणारे, पण खेड्याशी नाळ असलेले लोक. नोकऱ्यांतला वाटा मिळूनही निर्णय अठरा कचेरीतच होतात हे त्यांना कळून चुकलं होतं. दुसरीकडे शहरातली म्हैसूर काँग्रेस. तिच्याकडे खादी, वर्तमानपत्रं आणि तुरुंगात जायची तयारी होती, खेडी नव्हती. दोघांना एकमेकांची गरज होती आणि दोघांनाही ती मान्य करायला वेळ लागला.

निर्णायक धक्का बाहेरून बसला. 1937 च्या निवडणुकांत काँग्रेसनं मद्रास आणि मुंबई जिंकली आणि जुलैत तिथे मंत्रिमंडळं आली. म्हैसूरच्या सीमेपलीकडे, कन्नड बोलणाऱ्याच धारवाड-बेळगावात, लोकांनी निवडलेले मंत्री कारभार करत होते आणि आदर्श संस्थानात अजून गाऱ्हाणी वाचली जात होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात प्रजासंयुक्त पक्ष काँग्रेसमध्ये विलीन झाला. आपल्याकडे केशवराव जेध्यांनी ब्राह्मणेतर चळवळीचा प्रवाह काँग्रेसकडे वळवला, फैजपूरला 1936 मध्ये खेड्यात अधिवेशन भरलं, त्याच लाटेची ही दक्षिणेकडची बाजू. त्याच महिन्यात मुंबईचे काँग्रेस पुढारी नरिमन बंगळुरात आले, भाषण केलं आणि पकडले गेले. शहर खवळलं, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, गोळीबार झाला.

पुढचे सहा महिने म्हैसूरच्या इतिहासात सगळ्यांत दाट. 1938 च्या एप्रिलमध्ये म्हैसूर काँग्रेसनं आपलं पहिलं अधिवेशन बंगळुरात न भरवता मद्दूरजवळच्या शिवपुरात, शिंशा नदीकाठच्या खेड्यात भरवलं. तिरंगा लावायला बंदी होती. अध्यक्ष टी. सिद्धलिंगय्या झेंडा फडकवायला पुढे झाले, पकडले गेले. मग एकामागून एक माणसं पुढे होत गेली आणि पकडली जात राहिली. जुन्या बंगळूर-म्हैसूर रस्त्यावर आज सत्याग्रह सौध उभा आहे. बहुतेक गाड्या त्याच्या अलीकडे-पलीकडे मद्दूर वड्यासाठी थांबतात. वडा खमंग असतो, तक्रार नाही; पण पाच मिनिटं इकडेही काढावीत.

शिवपुरात रक्त सांडलं नाही. ते सांडलं 25 एप्रिलला विदुराश्वत्थात. गौरीबिदनूरजवळचं हे क्षेत्र, पिंपळाखाली रांगेनं मांडलेल्या नागशिळांचं. जत्रेची गर्दी होती, झेंड्याची सभा होती, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा दहा मृतांचा. लोकांच्या सांगण्यात तो तिसाच्या वर आहे. गांधीजींनी वल्लभभाई पटेल आणि आचार्य कृपलानींना पाठवलं. मे महिन्यात मिर्झा आणि पटेल यांच्यात समझोता झाला: संस्थानच्या झेंड्याबरोबर तिरंगाही लावता येईल, म्हैसूर काँग्रेसला मान्यता, कैद्यांची सुटका, आणि सुधारणा समितीत काँग्रेसची माणसं. लोकांनी जीव दिला तो झेंड्यासाठी; सत्तेचा प्रश्न पुन्हा समितीकडे गेला. त्यातून आलेल्या 1940 च्या कायद्यानं सभेचे सभासद वाढवले, परिषद मोठी केली, आणि मंत्री कुणाला जबाबदार हा मुद्दा जिथल्या तिथे ठेवला.

याच सुमाराची एक गोष्ट मराठी वाचकानं मुद्दाम ध्यानात ठेवावी अशी आहे. बंगळूरला संस्थानचा विजेच्या उपकरणांचा कारखाना होता. तो चालवायला मिर्झा इस्माईलांनी मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा ज्यू इंजिनिअर आणला होता. कारखाना सांभाळता सांभाळता हा माणूस भगव्या कपड्यांत वावरू लागला, गांधीजींकडे जाऊ लागला. औंधचे युवराज अप्पासाहेब पंत त्याला भेटले आणि त्याला औंधला घेऊन गेले. औंध म्हणजे बहात्तर गावांचं, म्हैसूरच्या एखाद्या तालुक्याशी तुलना व्हावी असं संस्थान. तिथे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1939 च्या जानेवारीत आपण होऊन सत्ता सोडली. गांधीजींच्या सल्ल्यानं आणि फ्रीडमनच्या मदतीनं घडलेल्या औंधच्या घटनेत गावची पंचायत हा पाया होता, पंचायतीतून तालुका, तालुक्यातून विधिमंडळ, आणि मंत्री त्याला जबाबदार. विद्यापीठ, धरण, कारखाने, दोन सभागृहं असं सगळं गाठीला असलेल्या म्हैसुराला जे जमलं नाही, ते सातारा-सांगलीकडच्या माळरानावर विखुरलेल्या संस्थानानं बंगळूरहून नेलेल्या इंजिनिअरच्या साथीनं केलं. औंध लहान होतं म्हणून जमलं, असं म्हणतात. असेल. पण म्हैसुरातही न जमण्याचं कारण आकार हे नव्हतं. तिथला कारभार इतका चांगला होता की तो सोडून देण्याची कारभाऱ्यांना गरजच वाटली नाही.

कृष्णराज वोडेयर 1940 च्या ऑगस्टमध्ये वारले, पुढच्या वर्षी मिर्झा पायउतार झाले. जबाबदार सरकार आलं ते देश स्वतंत्र झाल्यावर, 1947 च्या सप्टेंबरात ‘म्हैसूर चलो’ची चळवळ पेटल्यावर. ऑक्टोबरात के. सी. रेड्डी पहिले मुख्यमंत्री झाले. प्रजापक्षातून आलेला माणूस त्या खुर्चीवर बसला, यात तीस वर्षांच्या हिशेबाचा निकाल लागला.

एक हिशेब उरला होता, भाषेचा. कन्नड मुलखाचे तुकडे मुंबई, मद्रास, हैदराबाद, कुर्ग आणि म्हैसूर यांत विखुरलेले होते. स्लोव्हेनांचेही असेच इटली आणि ऑस्ट्रियात पडले होते. एकीकरणाची हाक धारवाडच्या आलूर वेंकटरावांकडून आली. कर्नाटक प्रांतिक काँग्रेसचे धुरीण होते बेळगावचे गंगाधरराव देशपांडे. दोघेही टिळकांच्या तालमीतले. म्हैसूरच्या पुढाऱ्यांना मात्र घाई नव्हती. संस्थानात वक्कलिगांचं पारडं जड होतं. उत्तरेकडचे जिल्हे आले की लिंगायतांचं होणार होतं. 1917 पासून नोकऱ्यांसाठी मांडलेली बेरीज-वजाबाकी आता राज्याच्या नकाशावर मांडली जात होती. मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्या स्वतः वक्कलिग, तरी आपल्याच लोकांविरुद्ध जाऊन त्यांनी एकीकरणाच्या बाजूनं कौल दिला आणि 1956 च्या ऑगस्टमध्ये, विशाल म्हैसूर राज्य व्हायच्या अडीच महिने आधी, त्यांना पद सोडावं लागलं. त्यांनी बांधलेला विधानसौध अठरा कचेरीच्या नेमका समोर उभा आहे, तिच्याहून कितीतरी पट मोठा, आणि तो तसा असावा हे त्यांनी ठरवूनच केलं होतं.